अमेरिकन हॉटेलातली संकष्टी

वाईट बातमी देण्यात माझा नवरा तरबेज होता. प्रोजेक्ट सहा महिने लांबलाय हे तो क्लायंटला रंगीत स्लाइड्स दाखवून असं सांगायचा, की शेवटी क्लायंटच त्याला थँक यू म्हणायचा. पण आईला काही सांगायचं म्हटलं की हा विषय बदलायचा. आम्ही ग्लासगोला आलो ते 'दोन वर्षांत परत येतो' असं सांगून. त्याला पाच वर्षं होत आली होती. इथेच कायमचं राहण्याचा आमचा अर्ज मंजूर झाला होता, आणि सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या परत जायच्या आत त्यांना सांगणं भाग होतं, की आम्ही काही आता येत नाही.

"घरी नको सांगायला," नवरा म्हणाला. "घरी सांगितलं तर ती उठून भांडी घासत बसेल." इंडियन रेस्टॉरंट नको, कारण शेजारच्या टेबलावर हमखास कुणीतरी महाराष्ट्र मंडळातलं निघतं. शेवटी सिटी सेंटरमधलं एक अमेरिकन रेस्टॉरंट ठरलं. तिथे इतका गोंगाट असतो की कुणी रडलं तरी ऐकू जात नाही. हा त्याच्या मते त्या जागेचा मोठाच फायदा होता.

शनिवारी सकाळी मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी ते पुण्याहून आणलं होतं. "आज संकष्टी आहे."

"पण टेबल बुक केलंय," तो म्हणाला. जसं काही गणपतीनं आधी कळवायला हवं होतं.

आता या संकष्टीची गोष्ट सांगायला हवी. मुलगा विलायतेला निघाला त्याच महिन्यात सासूबाईंनी ती धरली. तो कायमचा घरी आला की उद्यापन करायचं, एकवीस मोदक आणि ब्राह्मण जेवायला, असं गणपतीशी बोलून झालेलं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही होतं. पण आईचे उपास मुलांना घरातल्या पंख्यासारखे असतात. फिरतायत म्हणजे ठीक आहे.

इथे आल्यावर चंद्राची पंचाईत झाली. ग्लासगोच्या उन्हाळ्यात सूर्यच जागचा हलत नाही, चंद्र बिचारा येणार कधी! पण सासूबाई बँकेत नोकरी केलेल्या, हिशोबाला पक्क्या. "उपास पुण्यात धरलाय, तर पुण्याच्या चंद्रावर सोडायचा," असा त्यांनी निकाल दिला. म्हणजे आमच्या चहाच्या वेळेला त्या कॉलिंग कार्डावरून शेजारच्या काकूंना फोन करायच्या, "उगवला का हो?" काकू गॅलरीत जाऊन बघून यायच्या, आणि ग्लासगोत भरउन्हात वरणभाताचा कुकर चढायचा.

रेस्टॉरंटमध्ये शिरलो तर भिंतीवर गाड्यांच्या जुन्या नंबरप्लेट, एक अर्धी होडी आणि शिंगंवालं एक भलंमोठं मुंडकं. "हे खरं आहे का?" सासूबाईंनी विचारलं. खोटं आहे म्हटलं तरी त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या. उंच वेटर आला. छातीवर डझनभर बिल्ले. "हाय गाइज, हाउ आर यू डुइंग टुडे?" उच्चारांची सुरुवात टेक्सासमध्ये करून वाक्य संपेपर्यंत तो ग्लासगोत पोचला होता. सासूबाईंना वाटलं त्याला खरंच जाणून घ्यायचंय. त्यांनी त्याला गुडघ्याबद्दल इंग्रजीत सविस्तर सांगितलं. त्याला पळता येईना.

मग त्याने टेबलावर भाजलेल्या शेंगांची छोटी पत्र्याची बादली आणून ठेवली. शेंगा फुकट, आणि टरफलं खाली जमिनीवर टाकायची, हीच म्हणे इथली मजा! खरंच, सगळीकडे टरफलांचा खच पडला होता आणि सुटाबुटातले स्कॉटिश लोक तो बुटांनी चुरडत हिंडत होते. सासूबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. शेंगा उपासाला चालतात. पण जेवायच्या जागी कचरा? त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, मांडीवर धरली आणि टरफलं तिच्यात टाकू लागल्या. आमचीसुद्धा गोळा केली. वेटर म्हणाला, खाली टाका, चालतं. "तुझ्या आईला सांग हे," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

ऑर्डर देणं म्हणजे परीक्षाच झाली. भलामोठा भाजलेला बटाटा होता, पण त्यावर बेकनचा चुरा. तो काढा. मग वर कांद्याची पात. तीही काढा. चिप्स कोणत्या तेलात तळता? चिकनच्या? मग नकोत. रताळ्याच्या चिप्स? त्या वेगळ्या तेलात? नक्की? जा, विचारून या. नवऱ्याने मेनूत डोकं घातलं होतं. तीस माणसांची टीम सांभाळणारा हा माणूस वेटरसमोर आईची लाज वाटून कानापर्यंत लाल झाला होता, आणि मला त्याचा मनापासून राग आला. आई त्याच्यासाठी उपाशी बसली होती आणि याला लाज कशाची, तर बटाट्याची!

शेवटी नुसता बटाटा आला, वर लोण्याचा गोळा. शेजारी रताळ्याच्या चिप्सचा ढीग. सासूबाई एकदम खूश. "अगं, या अमेरिकन लोकांचं सगळं उपासाचंच असतं की!" त्या मला म्हणाल्या. "शेंगा, बटाटे, रताळी. फक्त साबुदाणा तेवढा नाही." आणि न विचारता निम्म्या चिप्स त्यांनी मुलाच्या ताटलीत सरकवल्या. "तू घे. वाळलायस." त्याच्यासमोर वीतभर उंचीचा बर्गर होता, तरी. माझ्या लग्नाच्या दिवसापासून मी बघत आले होते, त्या आधी त्याला 'घे' म्हणायच्या आणि मग स्वतःचा घास उचलायच्या.

दर तीन घासांनंतर वेटर येऊन "एव्हरीथिंग ओके, गाइज?" विचारत होता. नवरा तोंड उघडायचा की हा हजर. मी टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला.

"आई," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं." आणि त्याने सांगितलं. स्लाइड्स नव्हत्या, पण भाषा तीच. इथली करिअर ग्रोथ, पुण्यातलं ट्रॅफिक, पुढेमागे मुलं झाली तर त्यांच्या शाळा. तू दरवर्षी ये. आम्ही दरवर्षी येऊ. परत येणार नाही, हे तीन शब्द त्याने कुठेच उच्चारले नाहीत.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बटाट्याचं साल काट्याने बाजूला केलं. "म्हणजे परत येणार नाही," त्या म्हणाल्या.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे."

गोंगाट चालूच होता. रडण्यासाठी अगदी सोयीची जागा, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात वर केला. वेटर धावत आला, एव्हरीथिंग ओके विचारायला.

"वन अनियन रिंग्ज, प्लीज," सासूबाई म्हणाल्या.

नवरा गडबडला. "आई, कांदा आहे तो. आज तुझी संकष्टी ना? पुण्यात अजून चंद्र उगवायचाय."

"ज्याच्यासाठी धरली होती, तोच येत नाही म्हणतोय," त्या म्हणाल्या. "मग चंद्राची वाट कुणासाठी बघू?"

त्याचा बर्गर तसाच राहिला. त्याला वाटलं होतं आई चिडेल, समजूत घालता येईल. उत्तरं तयार होती त्याच्याकडे. मला त्याची कीव आली, आणि त्याच्याहून जास्त सासूबाईंची.

कांद्याची सोनेरी भजी म्हणावीत अशी ती कडी एका लोखंडी खुंटीवर रचून आली. सासूबाईंनी वरचं एक उचललं, निरखून पाहिलं, डोळे मिटून क्षणभर हात जोडले आणि खाल्लं. मग दुसरं, मग तिसरं. कुठल्या तेलात तळलंय हे विचारलं नाही. अख्खी खुंटी त्यांनी एकटीने रिकामी केली. शेजारी मुलगा बसला होता, आणि त्या त्याला एकदाही 'घे' म्हणाल्या नाहीत.