यान उभं करायला जागा

आमच्या घरी आजवर एकच अंतराळयान आलं. ते पांढरं होतं, सेकंडहँड होतं आणि त्याचा हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजायचा. ते उभं करायला जागा नव्हती, एवढीच काय ती अडचण.

म्हणजे जागा होती, पण तिथे मोहाचं झाड होतं. माझ्या आजोबांच्याही आधीपासून ते अंगणात उभं आहे आणि त्याच्याखाली बाबांची खुर्ची असते. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे झाडांचं महत्त्व मला तोंडपाठ आहे. (पाच मार्कांचं उत्तर, आठ मुद्दे!) तरी मी झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज केला. 'गाडीला शेड टाकायची आहे' असं लिहिलं तर परवानगी कोण देतं? म्हणून लिहिलं, 'सदर झाड घराच्या दिशेने झुकले असून कुटुंबाच्या जिवास धोका आहे.'

बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले.

"कोणत्या बाजूनं झुकलं बे? मले तर सरळच दिसून राह्यलं."

"तुम्हाले मोतीबिंदू हाये, बाबा."

माझी बायको सुनंदा मात्र काहीच बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसानं तिथेच सावध व्हायला हवं होतं.

त्याच महिन्यात शाळेत पर्यावरणाचा कार्यक्रम ठरला. भाषणांना गावातलं कुत्रंही येत नाही, म्हणून मी एक परदेशी कार्टून सिनेमा मिळवला. पुढच्या काळातली गोष्ट. खाली पृथ्वी भाजून निघाली आहे आणि वर हवेत एक शहर तरंगतं आहे. त्या शहरात एकच झाड उरलेलं. एक मुलगी आणि तिची यंत्राची खार ते वाचवू पाहतात. शहराच्या मुख्य इंजिनिअरला ते तोडायचं असतं, कारण त्याला तिथे आपलं यान उभं करायचं असतं. (हे वाक्य मी स्वतःच्या हातानं मराठीत उतरवलं, तेव्हाही मला काहीही आठवलं नाही!)

सिनेमा परदेशी भाषेत होता. तेव्हा मी संवाद मराठीत लिहिले आणि ठरवलं, की आवाज बंद ठेवायचा आणि पडद्यामागून आपली माणसं माइकवर बोलतील. प्रमुख पाहुणे म्हणून वनखात्याचे साहेब बोलावले. माझा अर्ज यांच्याच टेबलावर पडला होता. एका सिनेमात समाजकार्यही होणार होतं आणि शेडही!

मुलगी आणि खार सातवीतल्या दोन पोरींनी संवाद पाठ करून केली. इंजिनिअर बाबांनी. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि बाबा तीस वर्षं त्यांतले खलनायक होते. पण त्यांनी उभ्या जन्मात पाठांतर केलं नाही. पडद्याआड प्रॉम्प्टर वाचणार आणि बाबा बोलणार. कानावर पडेल ते सगळं! एकदा प्रॉम्प्टर घाबरून पुटपुटला, "भाऊ, धोतर सुटून राह्यलं!" बाबांनी नायिकेच्या बापाकडे बोट रोखून तेच गरजून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

बाबांना प्रॉम्प्टर हवाच होता. मी संवादांची वही सुनंदाच्या हातात दिली. एवढं माझं कर्तृत्व.

दुपारी हॉलच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून अंधार केला. पडदा म्हणून आमच्याच घरची चादर होती. अख्खा गाव आला. पहिल्या रांगेत साहेब आणि शेजारी मी. खारीनं धमाल उडवली. साहेब म्हणाले, "वा, सर! असे शिक्षक पाहिजेत." माझ्या डोळ्यांपुढे शेड उभी राहिली, पत्र्यासकट.

मग इंजिनिअर आला. त्यानं तोंड उघडलं. आवाज नाही. आणि एकदम बाबांची डरकाळी, "अगंबाई! ही तं दुसरीच वही हाये!"

लोक हसले. (माझ्या हातून सातवीच्या गृहपाठाची वही गेली होती, हे मला नंतर कळलं.) पुन्हा बाबा सुरू झाले.

"काय कामाचं हे झाड? नुसता कचरा! पानं झाडता झाडता माही कंबर मोडली!"

"हा इंजिनिअर झाडूबी मारते का जी?" बायकांतून कोणीतरी विचारलं.

"मले गाडी ठेवाले जागा पाहिजे! उन्हानं तिचा रंग उडून राह्यला! म्हणून हे सावलीचं झाड तोडतो अन् सावलीसाठी पत्रे टाकतो!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मीही हसलो. संवाद ओळखीचे वाटले, पण चांगले संवाद नेहमीच ओळखीचे वाटतात.

"झाड सरळ हाये तं काय झालं? अर्जात लिहून देल्लं, घरावर झुकलं म्हणून! साहेबाले कोण सांगते?"

साहेबांचा चिवड्याचा हात तोंडापाशीच थांबला.

मी उठून पडद्यामागे धावलो. "सुनंदा, बंद कर!"

"सुनंदा, बंद कर!" माइकवर बाबा.

"मामाजी, हे नोका बोलू, हे तं स्वतः आले!" सुनंदा कुजबुजली.

"मामाजी, हे नोका बोलू, हे तं स्वतः आले!" बाबांनी खलनायकी हास्यासकट गावाला कळवलं.

माझा पाय वायरीत अडकला, मी चादर धरली आणि चादर माझ्यासकट खाली आली. उठून उभा राहिलो तर प्रोजेक्टरचा सगळा झोत माझ्या पांढऱ्या शर्टावर, आणि शर्टावर मूठ हलवणारा इंजिनिअर!

"सर! इंजिनिअर!" पोरं ओरडली.

संध्याकाळी साहेब पाहणीला घरीच आले. झाडाभोवती गोल फिरले, लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. मी मान खाली घालून उभा होतो. मला खरोखर लाज वाटत होती, आणि ती गावासमोर फजिती झाली म्हणून नव्हती. बाबा खुर्चीतून उठले होते आणि एक हात खोडावर ठेवून उभे होते, म्हणून होती.

"साहेब," बाबा म्हणाले, "पोरगं खराब नाई. त्याची पहिली गाडी हाये, एवढंच."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. 'झाड सरळ व ठणठणीत. धोका अर्जदारापासून आहे.'

रात्री जेवताना मी सुनंदाला विचारलं, "मुद्दाम केलं न?"

"मले काय माहीत?" तिनं भात वाढला. "त्यालेबी झाड तोडाचं होतं, तुम्हालेबी. म्हटलं, डायलॉग सारखेच असन."

गाडी आता झाडाखालीच असते. चैत्रात तिच्यावर मोहफुलांचा सडा पडतो, फुलं काचेखालच्या फटीत शिरतात, आंबतात, आणि गाडीला मोहाच्या दारूचा वास सुटतो. परवा आम्ही सगळे गडचिरोलीला निघालो, तर नाक्यावर पोलिसानं खिडकीतून नाक आत घातलं.

"किती घेतली, सर?"

"म्या नाई घेतली जी, गाडीनं घेतली," मी म्हणालो आणि त्याला अंगणातल्या मोहाची सगळी हकिगत सांगितली.

"मंग तोडून टाका न ते झाड! काऊन ठेवलं?"

मी चकार शब्द काढला नाही. मागच्या सीटवर बाबा बसले होते, आणि त्यांच्या शेजारी प्रॉम्प्टर!