बिनढोराचे खुंटे

माझे वडील गावाचे गायकी आहेत. कामठ्याकडच्या आमच्या गावात लोक सकाळी आपापली गुरे आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, आणून सोडतात आणि वडील ती चरायला नेतात. मी शिकावे हा त्यांचा एकच हट्ट होता. 'ढोरामागं फिराले घरातला एक पुरे,' असे ते म्हणत. त्या हट्टामुळेच मी शाळा पुरी केली, गोंदियालगतच्या कुडव्यात खोली करून गोंदियाच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतले आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

नोकरी लागली ती चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत. पोरगा जमिनीच्या पोटात जाणार म्हणून आई घाबरली. पण माझे काम निघाले वरचे, खाणीच्या डोक्यावर असलेल्या एका गावच्या गुरचरणात. वडिलांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते हसतच राहिले. "एवढी बुकं वाचली, अन् झाला गायकीच."

काम असे होते. खालचा कोळसा काढून झाला की पोकळीचे छत ढासळते आणि वरची जमीन हळूहळू बसते. कुठे परातीसारखा खोलगट भाग तयार होतो, कुठे गाईचा पाय अडकेल एवढी भेग पडते. म्हणून खाणीला परवानगी देतानाच अटी घालतात. बसणाऱ्या जमिनीला कुंपण घालायचे, भेगा चिकणमातीने ठोकून बुजवायच्या आणि जमीन स्थिर होईपर्यंत मोजत राहायचे. पावसाळ्यानंतर लागोपाठ दोन मोजण्यांत हालचाल दिसली नाही, तरच गुरचरण गावाला परत उघडायचे. मोजायला आम्ही ओळीने सिमेंटचे खुंट गाडले होते. त्यांची उंची बदलली की जमीन बसली असे समजायचे.

त्या गावची गुरे एक मावशी राखत. नवऱ्यामागे त्यांनीच काठी हाती घेतली होती. पहिल्याच दिवशी त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "बाबू, एवढे खुंटे गाडले, मंग ढोरं कुठं हायेत?"

"हे ढोरांचे नाहीत, मावशी. जमीन किती बसते ते पाहायला आहेत."

"बसली त बसू दे ना. उठवून कायले राहिला तिले?"

बोलणे असे थट्टेचे असले तरी त्यांची अडचण खरी होती. गुरचरण बंद असल्याने त्यांना गुरे नाल्यापलीकडच्या झुडपी जंगलात न्यावी लागत. तिथले लोक भांडत. चालून चालून गाईंचे दूध आटले होते. दोन घरांनी आपली गुरे कळपातून काढून घरीच बांधली होती, आणखीही काही घरे तसेच बोलत होती. "गोधनापर्यंत उघडलं नाही, त मी काठी कोनाच्या मागं घेऊन फिरू?" असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा हसल्या नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला आखरावर गुरे सजवून गायगोधन खेळतात. ज्याचा कळप मोडला, त्या गायक्याला त्या दिवशी घरात बसण्यापलीकडे काही नसते. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पावसाळा संपल्यावरची पहिली मोजणी चांगली आली. सगळे खुंट जागच्या जागी होते. दुसरीच्या आधी सहज फेरी मारायला गेलो, तर खोलगट भागाजवळचा एक खुंट कललेला. जमीन हलली असेल, तर गुरचरण पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद राहणार होते. मी खाली वाकलो. खुंटाच्या एका बाजूला वाळलेला चिखल होता आणि त्यात काळे राठ केस चिकटले होते. शेजारी कुंपणाची तार ढिली होती. मला हसू आले. अशा खुणा मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

"म्हशीने मान घासली आहे, सर," मी ऑफिसात येऊन सांगितले.

आमचे साहेब नागपूरचे, शांत माणूस. म्हणाले, "म्हैस रिपोर्टमध्ये कशी लिहायची ते तूच सांग." मग स्वतः येऊन केस पाहिले, आजूबाजूचे खुंट मोजून घेतले. ते हलले नव्हते. नवा खुंट बसवायला त्यांनी होकार दिला, पण बजावले, "दुसऱ्या मोजणीपर्यंत याला शेपूटसुद्धा लागता कामा नये. लागली तर मी काही करू शकणार नाही."

मावशींना सांगितले तर त्या बिथरल्या. "माही म्हैस तशी नाही."

"मग कोणाची आहे, मावशी?"

"मले का माहीत. केसावर नाव लिवलं हाय का?"

तार ताणून घेतली, तरी मला खात्री वाटेना. दसऱ्याला घरी गेलो. संध्याकाळी गुरे परतली, तेव्हा मी वडिलांबरोबर आखरावर उभा होतो. तिथे मधोमध एक जाड लाकडी खांब आहे, गुरांच्या अंगाने घासून गुळगुळीत झालेला. एकेक म्हैस येऊन त्याला मान घासून घराकडे वळत होती. मी वडिलांना आमची अडचण सांगितली.

"काऊन रे, खाज का तारेनं थांबते?" ते म्हणाले. "त्यायले त्यायचा खुंटा दे. मंग तुह्याकडं कायले येतील?"

परतल्यावर साहेबांना विचारून मी कुंपणाबाहेर, गुरांच्या रोजच्या वाटेवर, एक जाड लाकूड रोवून घेतले. मावशी बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. "आता हा तरी ढोराचा हाय ना, बाबू?" दुसऱ्या दिवशी त्याला चिखल लागलेला दिसला आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी मी प्रत्येक खुंट पुन्हा पुन्हा तपासला. एकही हलला नव्हता. जमीन बसली होती आणि आता स्वस्थ होती.

पाडव्याच्या सकाळी गुरचरणाचे फाटक उघडले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मी त्या दिवशी घरी नव्हतो. शिंगांना रंग आणि गळ्यात झेंडू घातलेली गुरे आत शिरली. काढून नेलेली दोन घरांची गुरेही त्यांत होती. गाई दारापासूनच गवताला लागल्या. एक काळी म्हैस मात्र गवताकडे न पाहता सरळ चालत गेली, आमच्या नव्या खुंटाशी थांबली आणि डोळे मिटून मान घासू लागली.

मावशींनी माझ्याकडे पाहिले. काठी उगारली, मग खाली घेतली. "वारू का तिले?"

"राहू द्या, मावशी. मोजून झालं आहे."

वडिलांना फोन लावला. त्यांच्या मागे आमच्या आखरावरचा ढोल वाजत होता, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागले.

"किती ढोरं आली?" त्यांनी विचारले.

"सगळी," मी म्हणालो.