बाबारावभाऊंचा काळा शर्ट

बाबारावभाऊंना दिग्रसचा अर्धा बाजार त्यांच्या काळ्या सुती शर्टावरून ओळखायचा. त्यांचं शर्ट छापायचं दुकान, शेजारी माझं इस्त्रीचं. नवा पांढरा रंग आला की भाऊ त्याचा पट्टा आधी स्वतःच्या शर्टावर छापत आणि तो घालून घामाघूम होईतो राबत. लग्नातही तेच ध्यान. वहिनी वैतागायच्या. रंगाची तारीफ करणाऱ्या व्यापाऱ्याला भाऊ म्हणत, "धुऊन पाहू, मंग बोलू."

मला सांगायचे, "पांढरा मोठा लबाड, लेका. काळ्यावर ओला असला का चांदनं, वाळला का राख."

कापसाचे ते दिवस वाईट होते. कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तसा त्यांचा एकुलता एक मुलगा प्रदीप तिथली हमाली सोडून सुरतेला गेला, आणि तिथेच तापाने गेला. तो इथल्या कबड्डी संघातला. पोरांनी ठरवलं, गडद निळ्या शर्टांवर, पाठीवर त्याचं नाव घालायचं.

नेमके याच कामात भाऊ चुकले. त्यांनी एक जाड, रबरी पांढरा आणला. तो झगझगीत उठायचा, पण पक्का व्हायला भट्टीची धग लागायची. "आपल्या उनापरीस मोठी भट्टी कोनती?" म्हणत त्यांनी शर्ट छपराच्या टिनांवर वाळवले. धुऊन मात्र पाहिलं नाही. पोराचं नाव पाण्यात घालायला त्यांचा हात धजला नाही.

पहिल्याच धुण्यात नावाची सालपटं निघाली. पोरांनी शर्ट परत आणून ठेवले. फार वाईट वाटलं मला.

भाऊंनी मग आपला जुना, पाण्यात कालवायचा मऊ पांढरा काढला. आधी काळ्या शर्टावर छातीपाशी 'प्रदीप' छापलं. रंगाचा एक हात वाळल्यावर वर दुसरा. रंग पक्का व्हावा म्हणून मी वर कापड ठेवून कडक इस्त्री फिरवली. भाऊंनी शर्ट वहिनींपुढे धरला. "धू. जोर लावून धू." वहिनी रडत रडत घासत राहिल्या. चमक बेताचीच होती, पण नाव हललं नाही. मगच भाऊंनी निळे शर्ट खरवडून पुन्हा छापले.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. परवा त्यांच्या घरी गेलो तर काळा शर्ट खुंटीला तसाच मळका लटकलेला. सवयीने म्हणालो, "वहिनी, धुऊन ठेवा, मी इस्त्री करून देतो."

त्यांनी तो काढून उराशी धरला.

"नाही धुत मी, भाऊजी. नाव जात नाही, मले ठाव हाय. पन त्याइच्या घामाचा वास जाईन."