ईशाचं जावळ आणि माझी मिशी

कुवेतच्या विमानतळावर आम्ही तिघं उतरलो, पण त्यात एकटी माझी बायकोच खरी निघाली. उरलेले दोघं, म्हणजे मी आणि आमची नवीकोरी मुलगी, संशयित!

सांगतो. ईशाला आम्ही पुण्यातल्या एका संस्थेतून दत्तक घेतलं. मुग्धा आणि मी कुवेतमध्ये, फिंतासच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं दोघंच. एके दिवशी संस्थेकडून फोटो आला. कुरळ्या केसांचं मोठं टोपलं आणि त्याखाली दोन रागीट डोळे. आम्ही त्या दिवशी जेवायचंच विसरलो. मग कागद, कोर्ट, पुन्हा कागद, पासपोर्ट, व्हिसा. अखेर दीड वर्षाची ही बाई पुण्याला माझ्या आईच्या घरी आली आणि मला बघून तिने भोकाड पसरलं!

मुग्धाकडे जायची. माझ्या आईकडे जायची. इस्त्रीवाल्याकडेसुद्धा जायची! मी दिसलो की ठणाणा. शेवटी मला तारलं माझ्या मिशीने. (मिशी झुबकेदार होती. मुग्धाच्या मते पायपुसण्यासारखी.) एकदा ईशाने ती धरली, जीव खाऊन ओढली, मी "आई गं!" म्हणून किंचाळलो आणि ती खदखदून हसली. झाली दोस्ती! मग दिवसभर तोच उद्योग. माझा वरचा ओठ सुजला, पण मी इतका खूश आयुष्यात कधी नव्हतो.

निघायच्या आदल्या दिवशी आईने पोह्यांची बशी हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "ईशाचं जावळ काढायचं राहिलंय."

"आई, उद्या विमान आहे."

"म्हणूनच आज काढायचं. जावळ न काढता पोर परदेशी धाडतात का? तुझंही आहे."

"माझं काय?"

"नवस बोलले होते मी. घरात लेकरू आलं की बाप आणि लेकरू, दोघंही देवाला केस देतील."

"मला न विचारता?"

"नवस काय तुला विचारून बोलू?"

"बरं, डोक्यावरचे देतो. मिशी नाही हं!"

"देवाशी घासाघीस करतोस?"

संपला विषय. संध्याकाळी मुग्धाचा भाऊ ईशाला मांडीवर घेऊन बसला, न्हावी आला आणि दोन कार्यक्रम एका पाण्यात उरकले. आरशात पाहिलं तर आत एक सोललेला बटाटा! ईशाने माझ्याकडे पाहिलं. टक लावून पाहिलं. आणि असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे जोशी वर आले. तिच्या लेखी मिशीवाला गेला होता आणि हा कोण भलताच घरात घुसला होता.

"अगं, बाबा आहे तो," मुग्धा म्हणाली. मग मला म्हणाली, "तिचं काय चुकलं? मलाही पटत नाहीये."

आता यातली खरी गंमत अशी की मी कुवेतला अहमदीतल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कुठला कागद कुठे जुळत नाही हे शोधण्याचा मला पगार मिळतो! पण पासपोर्टवरचा कुरळ्या केसांचा फोटो आणि मांडीवरचा तुळतुळीत गोटा यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. (डोकं मोकळं झालं होतं ना!) विमानात मी पूर्ण वेळ तोंडावर ब्लँकेट घेऊन बसलो, कारण तोंड दिसलं की ईशा सुरू व्हायची.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने मुग्धाचा पासपोर्ट पाहिला. "मॅडम, ओके." माझा पाहिला. मला पाहिलं. परत पासपोर्ट.

"हू इज दिस?"

"मी! आय! मी सेल्फ!"

त्याने माझी बोटं मशीनवर ठेवायला लावली. मशीनने मला ओळखलं, त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. "फिंगर ओके," तो म्हणाला, "फेस नो ओके." आणि मग त्याने ईशाचा पासपोर्ट उघडला. समोर चकचकीत डोकं, गालावर काजळाची एक तीट, टाळूवर दुसरी. (आईने दृष्टीचा पक्का बंदोबस्त केला होता.)

"दिस गर्ल," तो फोटोवर बोट ठेवून म्हणाला. मग ईशाकडे बोट केलं. "दिस बॉय."

"नो नो, गर्ल! सेम गर्ल!"

"व्हेअर हेअर?"

"इन इंडिया," मी म्हणालो. अगदी खरं तेच सांगितलं, पण त्याचा चेहरा आणखी कडक झाला. एवढ्या लहान मुलांच्या बोटांचे ठसे नोंदवलेले नसतात. कोर्टाचे, व्हिसाचे, सगळे कागद माझ्याकडे होते, एकूण एक अस्सल. पण ते सगळे कुरळ्या केसांच्या मुलीचे होते! हे माझ्या आत्ता लक्षात आलं. हिला आत सोडलं नाही तर? पुढच्या विमानाने परत धाडलं तर? मुग्धाने पोरीला घट्ट आवळून धरलं.

इतक्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "काय झालं हो भाऊ?" हे इस्माईलभाई. मूळचे रत्नागिरीचे, इथे कुवेतला अर्दियाच्या गोदामात सुपरवायझर, अरबी फाडफाड. मी त्यांना जावळाचं सांगितलं.

"एवढंच ना? आमच्यातपण करतात, अकिका म्हणतात. थांबा, सांगतो त्याला."

अरबीत बरंच बोलणं झालं. अधिकाऱ्याने मान डोलावली. मग माझ्या टकलाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"तो म्हणतो, पोरीचं समजलं. बापाने कशाला केलं? हजला जाऊन आलात का? तिथे डोकं भादरतात ना!"

"अहो, मी कुलकर्णी!"

"मग काय सांगू?"

"सांगा, आईने सांगितलं म्हणून केलं."

हे मात्र त्याला लगेच पटलं! त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच माणुसकीने पाहिलं. पण लगेच पुढची अट आली. "तो म्हणतो," इस्माईलभाई म्हणाले, "पोर तुमचं असेल तर तुमच्याकडे येईल. घ्या बघू कडेवर."

मेलो! मुग्धाने डोळे मिटून ईशाला माझ्याकडे दिलं. पुढे जे झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. अख्ख्या हॉलमध्ये वळून बघायचा राहिला असा एक माणूस नव्हता. अधिकारी उठून पुढे वाकला. आणि ईशाचं रडणं एकदम थांबलं. तिला दिसली मिशी. काळीभोर, झुबकेदार, सरकारी!

"ईशा, नको!" मुग्धा ओरडली. उशीर झाला होता. पोरीने काउंटरवर झेप घेऊन ती मिशी धरली, जीव खाऊन ओढली आणि खदखदून हसली. अधिकारी अरबीत काय ओरडला ते इस्माईलभाईंनी आजतागायत सांगितलेलं नाही. आता तिघंही आत, पण विमानतळाच्या नव्हे, तुरुंगाच्या!

"सर, माय मिशी! शी वॉन्ट माय मिशी!" असं काहीतरी बरळत मी खिशातून सिव्हिल आयडी, म्हणजे माझं कुवेतचं ओळखपत्र, काढलं. त्यावर माझा फोटो, मिशीसकट. ते त्याच्यापुढे धरणार, तोच ईशाने हिसकावून घेतलं. निरखलं. प्लॅस्टिकवरची मिशी नखाने ओढून पाहिली. मग चेहरा असा काही उजळला आणि ती म्हणाली, "बाबा!"

पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा! आमच्या घरी आल्यापासून हा शब्द तिने उच्चारला नव्हता. मला रडूच कोसळलं. मुग्धा रडायला लागली. इस्माईलभाईंनी उगाच चष्मा पुसला. अधिकाऱ्याने एका हाताने मिशी चोळत दुसऱ्या हाताने धाडकन शिक्का मारला. "खलास. गो. बाबा, न्यू फोटो!"

तो शब्द तिने मला नाही, कार्डाला उद्देशून म्हटला होता, हे लक्षात यायला मला टॅक्सीपर्यंत वेळ लागला. मी कौतुकाने तिच्याकडे वाकलो आणि तिने पुन्हा भोकाड पसरलं.

तेव्हा मिशी परत फुटेपर्यंत मी फिंतासच्या घरात सिव्हिल आयडी गळ्यात अडकवून हिंडलो. ईशा आधी कार्ड बघायची, मग मला बघायची, आणि साहेबांची खात्री पटली तरच कडेवर यायची. परवानगी बहुतेक वेळा मिळायची.