जाळीतली रुई
ओल्या रुईचा वास आला की मला सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं अंगण आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उन्हं तापू लागली होती आणि तिथल्या शेठजींच्या गाडीच्या एसीतून गरम हवा येत होती. मी फ्रीज दुरुस्त करणारा, गाडीचा एसी पहिल्यांदाच पाहत होतो. गॅस पुरेसा होता, पट्टा नीट फिरत होता, कारण काही सापडेना. शेठजींनी विचारलं तेव्हा कळत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून बोलून गेलो, “ड्रायव्हरनं एसी चुकीचा चालवून कॉम्प्रेसर खराब केला.” शेठजींनी म्हाताऱ्या ड्रायव्हरला तिथंच सांगितलं, “उद्यापासून येऊ नको,” आणि ते आत गेले. ड्रायव्हर गाडीसमोर उकिडवा बसला. “मिस्त्री, तुम्ही गॅसच पाहून राहिले. जाळी त पाहा, उशी भरंल इतकी रुई आहे.” रेडिएटरपुढची जाळी रुईनं बुजली होती, तिला वाराच लागत नव्हता. त्यानं बोटांनी रुई ओढून काढली, नळीनं पाणी मारलं. मी इंजिन सुरू केलं आणि थंड हवा तोंडावर आली. “आता शेठजीले सांगा बरं,” तो म्हणाला. शेठजी येऊन गाडीत बसले. “मिस्त्री, तुमच्या हाताले गुण आहे.” मी नुसती मान डोलावली. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, किल्ली बोनेटवर ठेवली आणि तो रामाकोन्याच्या बसकडे चालू लागला. त्या गाडीवरून लोक अजून माझं कौतुक करतात. ती त्यानं दुरुस्त केली होती, आणि बिघडवली तर नव्हतीच.