डावा हात पदरात

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. स्टाफरूममध्ये कुणी सुरू केलं की मी सरळ उठून वर्गावर जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी पोलादपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळची पुण्याची, लग्न केलं नाही, आई-वडील गेलेले. भाड्याची एक खोली. शाळा सुटली की बोलायला कुणी नाही. रविवारी दूधवाल्याशी बोलले तर तेवढंच.

त्या खोलीत राहायला गेले आणि थोड्याच दिवसांत ती मला स्वप्नात दिसायला लागली. नऊवारीतली तरुण बाई, दारात उभी. आत येत नाही, बाहेर जात नाही, बोलत नाही. उजवा हात चौकटीवर, डावा पदरात लपवलेला. भीती? छे! उलट घरात कुणीतरी आहे असं वाटून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — कधीकधी मी तिच्यासाठी लवकर झोपायचे.

मग मी तिलाच रंगवायला लागले. पाण्याने भरलेल्या गोठ्यात, एसटीच्या टपावर, भाताच्या खाचरावर अधांतरी... आणि भोवती माशांसारखी पोहणारी गुरं. बरीच चित्रं झाली तेव्हा महाडच्या बाजारपेठेत एका हॉलचा वरचा मजला घेऊन माझं एकटीचं प्रदर्शन लावलं. वरचा अशासाठी, की खालच्या भिंतींवर पुराच्या खुणा होत्या.

प्रदर्शन साफ झोपलं. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली शाल आणि नारळ ताटात तसेच पडून राहिले. शाळेतले सहकारी आले, बटाटेवडे खाल्ले. पी.टी.चे सर म्हणाले, "मॅडम, सगळ्या चित्रांत एकच हात? दुसरा जमत नाही वाटतं!" सगळे हसले. मीही हसले, काय करणार. ते गेल्यावर मात्र खुर्चीत बसून पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर कुणीतरी कण्हत चढताना ऐकू आलं. एक म्हातारी आली. जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून ती घरी निघाली होती आणि खाली लावलेलं माझं पोस्टर बघून वर चढली होती. मला वाटलं, पंख्याखाली बसायला आली असेल. तिने चपला दाराबाहेर काढल्या, समोरच्या चित्रापर्यंत गेली आणि मटकन खालीच बसली.

"कमळे... हितं हायस व्हय गो?"

"आजी, कोण कमळी?"

"माजी धाकटी जाव." पोलादपूरच्या वरच्या एका वाडीचं नाव तिने सांगितलं. मी तिथे कधी गेलेच नव्हते. "बघ, डावा हात झाकून उभी हाय. चुलीत भाजला होता. चार माणसांत कधी बाहेर काढला नाय तिनं."

मी तिच्याशेजारी खालीच बसले.

मग ती सांगायला लागली. कमळीचा नवरा मुंबईला होता. एक दिवस सासूशी भांडण झालं आणि कमळी त्याच्याकडे जायला निघाली. "सवाशीण घरातनं निघाली की कुंकू लावतात, ओटी भरतात. तेवढ्यासाठी दारात थांबली गो. कोण उठला नाय. सासूच्या भ्यानं मी पण नाय उठली. गेली मग तशीच. मुंबईला पोचलीच नाय."

कुठे गेली ते आजवर कुणाला कळलं नव्हतं. म्हातारीने डोळे पुसले आणि ताटातल्या उद्घाटनाच्या कुंकवाकडे बोट दाखवलं. "बाय, तू लाव. मी रांडमुंड, माजा हात नाय चालत."

"काहीतरीच काय! तुमचाच हात चालेल. तुम्हीच लावा," मी म्हटलं. ती ऐकेना. आणि मी जागची हलेना. चित्र खराब होईल म्हणून नव्हे हो. निरोप दिला की माणूस जातं, एवढं मलाही कळत होतं.

"मला दुसरं कुणी नाही, आजी," मी म्हणाले. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने माझा हात धरला. "कळतंय गो. पण ती किती उभी राहील? दमली ना."

मी उठले. रंगवलेल्या कपाळावर कुंकू लावलं. खणाच्या जागी पाहुण्यांची शाल, तिच्यावर नारळ, असं चित्राखाली ठेवलं. "जा म्हणू नको, ये म्हण," आजी कुजबुजली. मी म्हणाले, "ये हं." आजी एसटी पकडायला गेली, हॉलला कुलूप मीच लावलं.

त्या रात्री कमळी स्वप्नात आली, पहिल्यांदाच पाठमोरी. पायवाटेने उतरत होती. डावा हात पदराबाहेर होता, आणि हातात नारळ.

सकाळी कुलूप उघडलं तर शाल जागेवर, नारळ नाही. हॉलच्या वॉचमनने दुसऱ्या किल्लीने उघडून नेला म्हणावं, तर नवी कोरी शाल तो कशाला सोडेल? उंदीर काय अख्खा नारळ उचलून नेतात? आणि त्या हाताचं काय? म्हातारीने सांगेपर्यंत तो का लपवलाय हे मलाच माहीत नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, एकाही प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही.

ती पुन्हा दिसली नाही. मी ये म्हणाले होते, तरी आली नाही. कधीकधी त्या आजीचा राग येतो मला, अगदी खरा राग. खोलीचं दार तेच, चौकट तीच, आणि तिथे कुणी नाही.

तुमच्यापैकी कुणाला अशी बाई दारात उभी दिसत असेल, डावा हात पदरात लपवलेली... तर मला कळवू नका. ती पोचली, असंच मला धरून चालायचंय.