आई म्हणाली, नळ बंद करू नको

मंडळी, आज आमच्या पुंडलिकनगरच्या घरात मी नळ मुद्दाम गळता ठेवला. केऑस थिअरी शिकतेय ना, म्हणजे केसभर फरकानं पुढचं भाकीत कसं अशक्य होतं त्याचं शास्त्र, त्यातला हा घरच्या घरी होणारा प्रयोग!

आई तणतणली, "आठवड्यानं पाणी येतंय आन् तू हे काय करायलीस?" मी गुपचूप खाली पातेलं ठेवलं.

आधी थेंब एका तालात पडत होते. नळ केसभर सोडला, तर जोडीजोडीनं पडायला लागले. अजून जरासा सोडला आणि ताल पार बिघडला. पुढचा थेंब कधी पडेल, सांगताच येईना.

पातेलं भरलं, म्हणून मी नळ बंद करायला गेले. तोवर स्टूल ओढून बसलेली आई म्हणाली, "थांब गं, आता कसा पडतोय बघू दे की!"

आमच्या शहरात एखादी आई नळ चालू ठेव म्हणेल, हे भाकीत तुमच्यापैकी कुणी केलं असतं का?